दोन डोळ्यांचे यंत्र आणि त्याची निवड : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

चोपडा हे तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस आणि केळी ही तेथील अर्थव्यवहाराची दोन मुख्य पिके. आगगाडी गावापर्यंत आलेली नाही. अमळनेर किंवा धरणगाव येथे उतरून पुढील वाट सडकेने काटावी लागते. अशा गावातील एखाद्या जिनिंगच्या मालकाने नव्या मजुरांना यंत्रापाशी उभे करण्यापूर्वी आभासी वास्तवाच्या हेडसेटद्वारे कामाचा व सुरक्षिततेचा धडा द्यावा असे मनात आणले, तर बाजारातील अनेक नमुन्यांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. विक्रेत्यांची पत्रके या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरील बिंदूंची संख्या, भिंगाची जात, वजन आणि किंमत या भाषेत देतात. उत्तर खोटे नसते. परंतु ते अपुरे असते. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून खोलीचा प्रत्यय देणारे यंत्र आज जन्मलेले नाही. त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, त्या इतिहासात अशी निवड वारंवार करावी लागली आहे, आणि त्यातील एक प्रकरण खानदेशाच्या अगदी शेजारी घडलेले आहे. या निवडी कशाच्या आधारे झाल्या आणि त्यांतील कोणत्या टिकल्या, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचे योजिले आहे.

यंत्रामागील तत्त्व साधे आहे. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरीने सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूची दोन किंचित भिन्न प्रतिबिंबे दोन डोळ्यांत उमटतात आणि त्यांच्या मेळातून मेंदूला खोलीचे ज्ञान होते. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे तत्त्व मांडले आणि त्याच्या सिद्धीसाठी परस्परांशी काटकोनात बसविलेल्या दोन आरशांचे एक उपकरण दाखविले. त्यालाच त्यांनी स्टिरिओस्कोप हे नाव दिले. छायाचित्रणाची कला तोवर जगापुढे आलेली नव्हती. म्हणून पहिली चित्रे हाताने काढलेल्या रेखाकृतींची होती. पुढे १८४९ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरसे काढून भिंगे बसविली आणि यंत्र एका लहान बंद पेटीत आणले. ब्रिटिश कारागिरांनी त्याकडे लक्ष दिले नाही. पॅरिसच्या द्यूबॉस्क यांनी ते बनविले आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ते राणी व्हिक्टोरियाच्या नजरेस पडल्यावर त्याला एकाएकी गिऱ्हाईक मिळाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६१ साली, बॉस्टनचे वैद्य व लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी पेटीही काढून टाकली. कपाळाला टेकणारी एक झापड, दोन भिंगे, एक दांडी, तिच्यावर मागे-पुढे सरकणारा कार्डधारक आणि खाली हातात धरण्याची मूठ एवढेच त्यांनी ठेवले. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. परिणामी कोणीही ती बनवू लागला, किंमत उतरली, आणि पुढील अर्धशतकात स्टिरिओस्कोप म्हणजे होम्स यांचाच नमुना असे समीकरण रूढ झाले.

येथवरची कथा प्रगतीची वाटते : जड यंत्र हलके झाले, महाग ते स्वस्त झाले, आणि जुने मागे पडले. तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा असाच सांगितला जातो. मात्र व्यावसायिक उपयोगाकडे पाहिले की ही सरळ रेषा मोडते. ब्रूस्टर आणि होम्स यांच्या नमुन्यांत चित्रांचा आकार डोळ्यांतील अंतराने जखडलेला होता. कार्डावरील दोन चित्रे फार मोठी असून चालत नसे. व्हीट्स्टन यांच्या आरशांना हे बंधन नव्हते. घराघरांतून हद्दपार झालेले ते जुने यंत्र विसाव्या शतकात विमानातून घेतलेल्या मोठ्या छायाचित्रांच्या अभ्यासासाठी पुन्हा पुढे आले. क्ष-किरण चित्रांच्या जोड्या पाहण्यासाठीही आरशांचीच रचना सोयीची ठरली. भूविज्ञानाच्या प्रयोगशाळांत आरशांचा स्टिरिओस्कोप पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, तो याच कारणाने. बैठकीच्या खोलीत हरलेला नमुना मोजणीदाराच्या मेजावर जिंकला. घरगुती ग्राहकाने श्रेष्ठ ठरविलेले यंत्र व्यावसायिकाला श्रेष्ठ असेलच असे नाही, ही गोष्ट आज हेडसेट घेणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. कारण आजचे बहुतेक लोकप्रिय हेडसेट मुळात खेळासाठी घडविलेले आहेत.

आता अजिंठ्याकडे वळू. अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत असला तरी त्याच्या वाटा खानदेशातून जात. लेण्यांतील चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, या जेम्स फर्ग्युसन यांच्या आग्रहातून मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांची १८४४ साली या कामावर नेमणूक झाली. गिल यांनी अजिंठा गावी मुक्काम ठेवून वर्षानुवर्षे तैलरंगांत मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्या इंग्लंडला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. जवळजवळ दोन दशकांच्या श्रमाची अशी राख झाली. परंतु याच गिल यांनी चित्रकारीबरोबर छायाचित्रणही हाती घेतले होते आणि त्यासाठी दुहेरी चित्र घेणारा स्टिरिओस्कोपिक कॅमेरा वापरला होता. त्यांची ही छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली. एकात भारतातील कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० द्विनेत्री चित्रे होती. मोठे आणि अद्वितीय जळाले. लहान आणि अनेक प्रतींचे राहिले.

गिल यांच्या निवडीतील औचित्य पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर द्रावण पसरून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लगेच धुवावी लागे. म्हणजे अंधारखोली छायाचित्रकाराबरोबर डोंगरात न्यावी लागे. काच जितकी मोठी तितका हा खटाटोप अवघड. द्विनेत्री चित्राची काच लहान असते, आणि ज्या वास्तूचे सारे सौंदर्य खांबांच्या रांगांत, आत आत जाणाऱ्या अंधारात आणि छताच्या कमानींत आहे, तिचे यथार्थ आकलन खोली दाखविणाऱ्या चित्रानेच होते. सपाट भित्तिचित्राला या यंत्राचा काही लाभ नसतो. म्हणून तेथे कुंचला, आणि गुहेच्या पोकळीसाठी द्विनेत्री कॅमेरा, अशी कामाची वाटणी स्वाभाविक ठरते. ज्या विषयात खोलीला अर्थ आहे तेथेच हे यंत्र सार्थ होते, हा विवेक आजही तितकाच लागू आहे. हिशेबाची वही शिकविण्यासाठी हेडसेट घेणे म्हणजे भिंतीवरील चित्र पाहण्यासाठी स्टिरिओस्कोप धरणे होय. गिल यांचा मृत्यू १८७९ साली झाला. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. खानदेशाच्या मातीत दोन डोळ्यांच्या यंत्राचा एक फार जुना उपासक विसावलेला आहे, हे विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

याच काळात या प्रदेशाच्या अर्थजीवनाला अधिक जवळची अशी आणखी एक निवड चालू होती. ती पाहण्याच्या यंत्राची नव्हे, तर सरकी वेगळी करण्याच्या यंत्राची. चोपड्याचा जिनिंगवाला आजही तिच्या निकालावर जगतो, म्हणून तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. एली व्हिटनी यांच्या १७९४ च्या पेटंटपासून अमेरिकेत दातेरी करवतीचे जिन रूढ झाले होते. ते वेगवान होते, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना भारतीय कापूस स्वच्छ हवा असल्यामुळे तेच भारतातही आणावे असा प्रयत्न झाला. धारवाडकडे त्याला काही यशही आले. परंतु करवतीचे दाते आखूड धाग्याच्या देशी कापसाला तोडीत. उलट, फोन्स मॅकार्थी यांच्या १८४० च्या पेटंटमधून विकसित झालेले कातडी रुळाचे जिन हळू चालत असले तरी धाग्याला जपत असे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये व भारतात निरनिराळ्या जिनांच्या तुलनात्मक चाचण्या घेण्यात आल्या आणि फोर्ब्स वॉटसन यांचा त्यावरील अहवाल १८७९ साली प्रसिद्ध झाला. कारखानदाराने आपल्या कापसावर मिळविलेला वेग एक, आणि त्याच यंत्राने दुसऱ्या कापसावर दिलेला वेग व रुईची प्रत दुसरी, हे अशा चाचण्यांवाचून कळत नाही. भारतातील जिनिंग आज मुख्यतः दुहेरी रुळाच्या जिनांवर चालते. म्हणजे जगात जे श्रेष्ठ मानले गेले त्यापेक्षा येथील मालाला जे मानवले ते टिकले. जिनिंगच्या मालकाला ही गोष्ट कोणी सांगावी लागत नाही. हेडसेट घेताना मात्र तोच मालक पत्रकावर विसंबतो, हे थोडे नवलाचे आहे.

दोन डोळ्यांच्या यंत्राचे एक व्यंग सुरुवातीपासूनच होते : एका वेळी एकच माणूस त्यात पाहू शकतो. घरात हे व्यंग नसते, धंद्यात असते. एडिसन यांच्या किनेटोस्कोपचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यातील चित्र द्विनेत्री नव्हते, पण डोळे लावून एकट्याने पाहण्याची रीत तीच होती. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये अशा दहा पेट्यांचे पहिले दालन उघडले. प्रेक्षक पैसे देऊन एकामागून एक पेटीत डोकावत जात. पडद्यावर चित्र टाकल्यास थोड्याच यंत्रांत साऱ्या देशाची गरज भागेल आणि पेट्यांचा खप बुडेल, असा एडिसन यांचा हिशेब होता. यंत्र विकणाऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरही होता. परंतु खेळ करणाऱ्याच्या दृष्टीने तो तोट्याचा होता. डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिस येथे ल्यूमिएर बंधूंनी पडद्यावरील चित्रांचा सशुल्क खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला. पेटीचे दिवस तेथेच भरले. विक्रेत्याचा लाभ आणि ग्राहकाचा लाभ हे एकाच यंत्रात एकत्र असतीलच असे नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच दिले गेले होते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. शंबर हा मायावी असुर. त्यावरून शांबरिक म्हणजे मायेचा, आणि खरोलिका म्हणजे कंदील. परकीय यंत्राला संस्कृत नाव देऊन ते आपलेसे करण्याची ही रीत भाषाभ्यासकाला आवडण्यासारखी असली, तरी पटवर्धनांचे खरे कर्तृत्व नावात नाही. त्यांनी कंदिलाबरोबर येणाऱ्या विलायती काचांवर धंदा उभारला नाही. काचेवरील चित्रे स्वतः रंगविली, त्यांना हालचाल दिली, आणि रामायणातील प्रसंगांपासून सर्कशीपर्यंतचे विषय प्रेक्षकांच्या परिचयाच्या जगातून घेतले. यंत्र बाहेरचे, चित्र घरचे. खेळ पुढे पटवर्धनांच्या मुलांनीही चालविला, याचे कारण या वाटणीत शोधावे लागते.

सखाराम भाटवडेकरांचे पुत्र हरिश्चंद्र, म्हणजे सावेदादा, आणि धुंडिराज गोविंद फाळके यांच्या कॅमेराखरेदीची तुलना केली तर हाच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सावेदादांनी लंडनहून रायली कंपनीचा कॅमेरा २१ गिनींना मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. मात्र चित्रित झालेली फीत धुण्यासाठी त्यांना ती लंडनला पाठवावी लागली. यंत्र हातात आले, पण यंत्रामागची साखळी समुद्रापलीकडेच राहिली. फाळके यांनी १९१२ च्या आरंभी विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडन गाठले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांचा सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहात प्रत्यक्ष काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा निवडला. परंतु त्यांनी केवळ कॅमेरा घेतला नाही. कच्च्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र, प्रती छापण्याचे यंत्र आणि कच्ची फीत मिळविण्याची व्यवस्था हे सारे त्यांनी एकाच वेळी ठरविले. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून त्यांनी यंत्राची व स्वतःची परीक्षा घेतली. भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला तो या लहानशा चित्रामुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. मराठी माणसाने दृश्ययंत्र कसे विकत घ्यावे याचा वस्तुपाठ हवा असेल तर तो येथे आहे : आधी दुसऱ्याच्या कामात यंत्र चालताना पाहणे, मग यंत्राबरोबर साखळी घेणे, आणि मोठ्या कामापूर्वी घरच्या एका छोट्या विषयावर ते पारखणे.

आजच्या हेडसेटचा वंश येथूनच चालू होतो, जरी मध्ये काही पिढ्या गेल्या. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसविण्याचे, संगणकाने काढलेली रेखाचित्रे दोन डोळ्यांना दाखविणारे यंत्र तयार केले. त्याचे डोके कोठे वळते हे मोजणारी दांडी छताला टांगलेली असे. १९८० च्या दशकाअखेर अमेरिकेतील व्हीपीएल या कंपनीने असे हेडसेट विकण्यास काढले, पण ते प्रयोगशाळांपुरतेच राहिले. खरा पालट घडविला तो मोबाइल फोनने. लहान, दाट पडदे आणि मान वळल्याची दखल घेणारे संवेदक फोनमुळे स्वस्त झाले आणि २०१२ साली ऑक्युलसचा नमुना लोकवर्गणीतून पुढे आला. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याचे ‘कार्डबोर्ड’ काढून त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. होम्स यांच्या पेटंट न घेतलेल्या चौकटीची ही जणू पुनरावृत्तीच होती.

धंद्यातील मोठ्या प्रमाणावरील पहिल्या प्रयोगांपैकी एक वॉलमार्टचा. २०१८ साली या कंपनीने आपल्या अमेरिकेतील दुकानांत नोकरांच्या शिक्षणासाठी सुमारे १७,००० ‘ऑक्युलस गो’ हेडसेट पाठविण्याचे जाहीर केले. मोठ्या दुकानाच्या वाट्याला चार. नमुना स्वस्त होता, संगणकाला जोडावा लागत नव्हता, आणि मान वळविल्याची दखल घेत असला तरी पाऊल पुढे टाकल्याची घेत नव्हता. ज्या धड्यात पाहायचे आणि निर्णय सांगायचा एवढेच असते, त्याला तेवढे पुरे होते. पण २०२० साली ‘गो’ची विक्री थांबली. ‘कार्डबोर्ड’ची विक्री गूगलने २०२१ साली बंद केली. कारखान्यांसाठीच म्हणून घडविलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘होलोलेन्स २’ चे उत्पादन २०२४ साली संपले. सुरक्षाविषयक सुधारणा २०२७ अखेरपर्यंत मिळतील असे सांगण्यात आले. दुहेरी रुळाचे जिन बसविणारा मालक ते दोन पिढ्या वापरतो. हेडसेटचे आयुष्य मात्र निर्मात्याच्या मर्जीवर तीन-चार वर्षांचे असते, आणि ही मर्जी चोपड्यात ठरत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की वाट पाहणेच शहाणपणाचे. तो निष्कर्ष घाईचा आहे. कारण स्टिरिओस्कोपच्या इतिहासातच त्याचे उत्तर मिळते. यंत्रे बदलली तरी कार्डाचा साधारण साडेतीन इंच गुणिले सात इंच हा आकार स्थिर राहिला, म्हणून एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या दर्शकात चालत असे. १९३९ साली निघालेल्या ‘व्ह्यू-मास्टर’ची चित्रचकती तर अनेक दशके न बदलल्यामुळे आजोबांच्या चकत्या नातवाच्या यंत्रात बसतात. आज हेच कार्य दोन गोष्टी करतात. एक, सर्व दिशांना घेतलेले वर्तुळाकार चलच्चित्र. ही साधी चित्रफाईल असून ती जवळजवळ कोणत्याही हेडसेटवर दाखविता येते. दुसरी, क्रोनोस या संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेले ‘ओपनएक्सआर’ हे मानक, ज्याला धरून रचलेला धडा थोड्या श्रमात एका कंपनीच्या यंत्रावरून दुसरीच्या यंत्रावर नेता येतो. भांडवल धड्यात घालावे. यंत्र बदलणारच असे धरून चालावे.

आता चोपड्याच्या मालकापुढील नमुने पाहता येतील. ‘मेटा क्वेस्ट ३’ हा २०२३ चा, ५१५ ग्रॅम वजनाचा, अमेरिकेत आरंभी ४९९ डॉलरना आलेला नमुना. पाऊल आणि हात या दोहोंची दखल घेणारा, पण मूळ प्रकृतीने घरगुती. एचटीसीचा ‘व्हाइव्ह फोकस ३’ २०२१ साली सुमारे १,३०० डॉलरना आला. किंमत अडीचपटीहून अधिक. तथापि त्याची बॅटरी काढून दुसरी बसविता येते आणि चेहऱ्याला लागणारी गादी चटकन सुटते. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हे गुण किरकोळ. पाळीमागून पाळी धडा देणाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक. ‘ॲपल व्हिजन प्रो’ २०२४ साली ३,४९९ डॉलरना आला. त्याचा पडदा या सर्वांत नितळ. आणि तो एका माणसाच्या चेहऱ्याशी व डोळ्यांशी जुळवून घेण्यासाठी घडविलेला असल्याने अनेकांच्या हाती फिरविण्यास सर्वांत गैरसोयीचा. फिनलंडच्या व्हार्जो कंपनीचे नमुने वैमानिकांच्या शिक्षणासारख्या कामासाठी उत्कृष्ट आहेत, पण त्यांना शक्तिमान संगणक जोडावा लागतो. ठाण्यातील अजनालेन्स ही कंपनीही अशी उपकरणे बनविते. दुरुस्तीसाठी यंत्र समुद्रापार पाठवावे लागू नये, ही सावेदादांची अडचण आठवली तर तिचा विचार किंमतीपलीकडे जाऊन करणे प्राप्त आहे.

एडिसनच्या पेटीचा हिशेबही येथे मांडून पाहावा. धडा १५ मिनिटांचा, आणि हेडसेट पुसून, पट्टा जुळवून दुसऱ्याला देण्यास ५ मिनिटे धरली, तर एका हेडसेटवर तासाला तीन माणसे होतात. चार हेडसेट असल्यास बारा; साठ मजुरांना पाच तास. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो आणि धड्याची गरज मुख्यतः हंगामाच्या तोंडाला असते. म्हणजे वर्षातील बहुतेक काळ हे यंत्र कपाटात. खानदेशी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कपाटातील बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. भिंगांवर ऊन पडले तर ते एकवटून आतील पडदा जाळते, आणि रुईचे तंतू यंत्राच्या हवेच्या छिद्रांत बसतात. तेव्हा एकेका जिनिंगने चार-चार हेडसेट घेण्यापेक्षा तालुक्यातील जिनिंगवाल्यांनी, बाजार समितीने किंवा एखाद्या महाविद्यालयाने सामाईक संच ठेवून तो क्रमाने फिरवावा, हेच व्यवहाराला धरून आहे. जत्रेतून जत्रेत फिरणाऱ्या तंबूतील सिनेमाने खानदेशाला हे अर्थशास्त्र पूर्वीच शिकविलेले आहे. असा फिरता संच घ्यायचा तर पडद्याच्या नितळपणापेक्षा बदलती बॅटरी, धुता येणारी गादी आणि इंटरनेटवाचून चालण्याची सोय यांना अग्रक्रम द्यावा लागतो. बाहुल्यांतील अंतर जुळविण्याची व्यवस्थाही तपासावी. ‘क्वेस्ट २’ मध्ये ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीनच पायऱ्या होत्या, आणि मधल्या मापात न बसणाऱ्याला डोकेदुखी झाली तर तो धड्याला नव्हे, मालकाला दोष देतो.

चाचणीची रीत फाळक्यांच्या वाटाण्याची असावी. दोन भिन्न नमुने भाड्याने आणून, एकाच जिनिंगमधील एकाच रुळाजवळच्या कामाचा छोटा धडा वर्तुळाकार कॅमेऱ्याने घेऊन, तो दहा मजुरांना दाखवावा. रूळ फिरत असताना अडकलेली रुई हाताने ओढू नये, पट्टा उतरला तर आधी काय बंद करावे, ठिणगी दिसली तर ढिगाच्या कोणत्या बाजूने जावे, असा त्याचा विषय असावा. रुळापासून हात किती अंतरावर असावा हे खोलीचे ज्ञान आहे. तेथे दोन डोळ्यांचे यंत्र सपाट पडद्यापेक्षा खरोखर अधिक सांगते. पाहून झाल्यावर मजुराला प्रत्यक्ष, बंद यंत्रापाशी नेऊन त्याचा हात कोठे थांबतो हे पाहणे ही त्या धड्याची खरी परीक्षा.

राहिला एक मुद्दा, जो पत्रकांत कोठेही नसतो. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकी कंपनीने जेम्स रिकल्टन यांच्या मजकुरासह १९०७ साली स्टिरिओस्कोपमधून भारताची सफर घडविणारा संच काढला. कंपनीच्या कार्डांच्या पाठीवर चित्राचे नाव सहा भाषांत छापण्याची प्रथा होती : इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश आणि रशियन. भारताच्या चित्रामागेही भारतीय भाषा नव्हती. ज्यांचे चित्र, त्यांनी ते पाहावे हे कोणाच्या कल्पनेतच नव्हते. आजच्या तयार शिक्षण-धड्यांची स्थिती फार निराळी नाही. त्यांतील कारखाना परका, यंत्र परके आणि निवेदन बहुधा इंग्रजीत. चोपड्याच्या जिनिंगमध्ये काम करणारा मजूर घरी अहिराणी बोलतो, सातपुड्याच्या बाजूचा असेल तर पावरी किंवा बारेली बोलतो, आणि प्रमाण मराठी त्याला कळत असली तरी धोक्याच्या क्षणी कानात शिरते ती घरची भाषा. अहिराणीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, एवढ्यावरच फरक थांबत नाही. क्रियापदांची आज्ञार्थी रूपे, ‘थांब’, ‘सोड’, ‘मागे हो’ या सूचनांची नेमकी वळणे निराळी असतात, आणि सुरक्षिततेचा धडा म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे आज्ञार्थच. चित्रफाईल एक ठेवून निवेदनाचा आवाज वेगळ्या पट्टीवर ध्वनिमुद्रित केला तर तोच धडा तीन-चार बोलींत देता येतो, आणि त्याचा खर्च एका हेडसेटच्या किंमतीहूनही कमी येऊ शकतो. म्हणून निवडीच्या वेळी विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न बिंदूंच्या संख्येचा नसावा. हे यंत्र सुरू होताच दिसणारी यादी मराठीत करता येते काय, आणि एकाच चित्राला चार आवाज जोडून मजुराने मूठ दाबताच आपला आवाज निवडावा अशी सोय त्यात आहे काय, हा असावा. आवाज कोणाचा घ्यावा, हे मात्र जिनिंगमधील जुन्या मुकादमाला विचारून ठरवावे; पट्टा उतरला की तो नेमके काय ओरडतो, ते शब्द त्याच्याच तोंडून टिपून घ्यावेत.